सोनाबाईचं रडणं

“कट! काकू, तुम्ही रडायला उशीर करताय.”

उभं आयुष्य नाटकात घालवलं, पण रडायला उशीर केला म्हणून मला कुणी टोकलं नव्हतं. लवकर रडते म्हणून एकदा एका दिग्दर्शकानं टोकलं होतं, तेही तालमीत. आणि ही पुण्याहून आलेली कालची पोर, शाल्मली मॅडम, मला रडायची वेळ शिकवत होती.

जागा म्हणजे मिरजेतलं एक बंद पडलेलं मंगल कार्यालय. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर फुफ्फुसांचा तक्ता आणि टेबलावर टिश्यू पेपरचा डबा. झालं हॉस्पिटल. शाल्मली मॅडमच्या कंपनीनं डॉक्टर लोकांसाठी मोबाइलवर एक अ‍ॅप काढलं होतं. नाव ‘हळुवार’. पेशंटला किंवा त्याच्या माणसांना वाईट बातमी कशी सांगायची, हे डॉक्टरांनी त्या अ‍ॅपवर शिकायचं. चहा पिता पिता, लिफ्टमध्ये, जिन्यात, जमेल तिथं. व्हिडिओ बघायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, उत्तर बरोबर आलं की मोबाइल टाळ्या वाजवणार, मग पुढचा धडा. पेशंटसमोर अडलं, तर तेच अ‍ॅप पुढची पायरीही सांगणार. सगळे धडे संपले की सर्टिफिकेट. तुमचा माणूस चालला, हे सांगायचं सर्टिफिकेट!

त्यात मला सोनाबाई दिली होती. सोनाबाई कवठेमहांकाळकडची, हिरवं लुगडं, नाकात मोरणी, नवऱ्याला कॅन्सर. डॉक्टर तिला बातमी सांगतो, ती रडते. एवढंच. डॉक्टर म्हणून समोर एक गोरागोमटा मॉडेल बसवला होता. पांढरा कोट त्याला शोभत होता, बाकी आनंद होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “ही बाई लगेच रडायची नाही.”

“का बरं?”

“नवरा चाललाय तिचा. ती आधी विचारेल, आता पुढं काय? ऑपरेशन होतंय का, घरी न्यायचं का, म्हशीची धार कोण काढणार. रडणं मागाहून. तेही चारचौघांत नाही. मोरीत जाऊन, नळ सोडून.”

शाल्मली मॅडम गोड हसली. ती सदा गोडच हसायची, तिला दुसरं येतच नसावं. “काकू, पॉइंट छान आहे तुमचा. पण ती रडलेली दिसली नाही, तर डॉक्टरांना कळणार कसं की तिला बातमी समजलीय?”

“विचारायचं की तिला.”

“ते स्क्रिप्टमध्ये नाही.”

स्क्रिप्ट म्हणे! ‘मी तुमच्या दुःखासाठी जागा करून देतो आहे’, असं त्या मॉडेलच्या तोंडी एक वाक्य होतं. म्हणजे काय डोंबल? दुःख काय एसटीत चढलंय, जरा सरका म्हणायला? असलं मराठी बोलणारा डॉक्टर आमच्या गल्लीत आला असता, तर बायकांनी आधी त्यालाच तपासायला नेलं असतं.

कॅमेऱ्याच्या मागं स्टुलावर आमचे हे बसले होते. रघुवीर कुरणे. हे आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहायचं, हातात नाटकाचं पुस्तक, आणि नट अडला की त्याला शब्द पुरवायचा. प्रेक्षकांना हे कधी दिसले नाहीत आणि यांनाही नाटक कधी धड दिसलं नाही. विंगेतून दिसणार काय, नटांच्या पाठी. यांनी सगळं नाटक कानानं पाहिलं. कुणाचा आवाज आज चढलाय, कोण खरं बोलतोय आणि कोण नुसतं पाठ म्हणतोय, हे यांना डोळे मिटून कळायचं.

यांचा एक नियम होता. आख्खं वाक्य कधी द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. “पहिला शब्द मिळाला की ज्याचं वाक्य त्याला सापडतं,” हे म्हणायचे. “आख्खं दिलं की नटाचा पोपट होतो.” आमच्यात खूण ठरलेली होती. मी अडले की कानाची पाळी चिमटीत धरायची, आणि विंगेतून शब्द यायचा. पुढं पुढं मी इतक्यांदा पाळी धरायला लागले, की कंपनीत लोक म्हणायला लागले, हिला विसरायचा रोग नाही, दुसराच रोग आहे. मग त्यांनीच आमचं लग्न लावून दिलं.

तर तिकडं शाल्मली मॅडम “अ‍ॅक्शन” म्हणाली, मॉडेलनं आपलं पोपटवाक्य म्हटलं, आणि आवाजवाल्यानं कानावरचं ते यंत्र काढून फेकलं. “कोण कुजबुजतंय मागं?”

हे! दुसरं कोण? मी थांबलेली बघून यांनी सवयीनं सोनाबाईचा पुढचा शब्द दिला होता.

“आजोबा, प्लीज,” शाल्मली मॅडम म्हणाली. “आणि यांना जरा पाणी द्या कुणीतरी. खोकल्याचा आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये.”

त्या खोकल्याकडं तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. मंगल कार्यालयात धूळ होती.

शेवटी मी वैतागून त्यांना दुसऱ्या अंकातलं रडणं दिलं. आमच्या एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मला रडायचं असायचं, गावोगाव, प्रयोगामागून प्रयोग. आधी एक आवंढा, मग लांब श्वास, मग तोंडात पदराचा बोळा आणि त्याच्याआडून असा हुंदका, की शेवटच्या रांगेतल्या माणसाचा शेंगा सोलता हात थांबावा. हुकमी माल. डोकं दुखत असो, जेवण झालेलं नसो, तो हुंदका कधी चुकला नाही.

शाल्मली मॅडमच्या डोळ्यांत पाणी. “वॉव, काकू! किती खरं!”

“खोटं आहे ते,” हे मागून घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मला विचारा.”

त्यांना कोण विचारतंय. व्हिडिओ झाला, धडा तिसरा म्हणून अ‍ॅपमध्ये गेला, आणि मी नाकातली मोरणी काढून घरी आले.

पुढच्या वर्षी यांचा आवाज पार बसला. आधीच कुजबुजायचा धंदा, त्यात घसा असा झाला की जवळ बसल्याशिवाय ऐकू येईना. मग थुंकीत रक्त दिसलं. मग मिरजेतलंच एक मोठं हॉस्पिटल. नाव नाही सांगत, त्यांना उगाच जाहिरात नको. फुफ्फुसात गाठ निघाली, तपासणीला तुकडा गेला, गाठ कॅन्सरची आहे हे कळून चुकलं. आता प्रश्न एवढाच उरला होता, की ती कापून काढता येते की नाही. त्यासाठी शेवटचं एक स्कॅन केलं होतं, आणि त्याचा निकाल आला की सगळं ठरणार होतं.

निकालाच्या दिवशी सकाळी यांनी मला खाटेजवळ बसवलं.

“मनू,” हे म्हणाले. “जे काय असेल ते मला तू सांगायचं. तुझ्या तोंडून. दुसऱ्या कुणाचं ऐकायची माझी तयारी नाही.”

“डॉक्टर सांगतील ना.”

“डॉक्टर पाठ म्हणतात. मला नको. आणि हे बघ, ऑपरेशनचा उपयोग असेल तर हवं तसं चिरू दे. पण नुसतं इथं ठेवून घेणार असतील, तर मला घरी ने. मला माझ्या खाटेवर पडायचंय. बाकी भर घालू नकोस, काही गाळूही नकोस.”

मी शब्द दिला. शब्द द्यायला काय जातं, असं वाटलं तेव्हा.

भीती होती ती मोठ्या सरांची. हे मोठे सर म्हणजे तिथले बडे डॉक्टर, हात सोन्याचा म्हणतात, पण जिभेला हाड नाही. दुपारी राऊंडला निघायचे, मागं शिकाऊ डॉक्टरांचं लटांबर, आणि खाटेच्या पायाशी उभं राहून बातमी अशी टाकायचे जशी हॉटेलातला पोऱ्या चहाचा कप आदळतो. आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला “आजोबा, आता काही करण्यासारखं नाही, पुढं चला” असं म्हणून खरोखरच पुढं गेले होते. म्हातारा संध्याकाळपर्यंत विचारत होता, पुढं कुठं चला म्हणाले?

म्हणजे मला निकाल आधी हवा होता आणि सरांच्या आधी यांच्यापाशी पोचायचं होतं.

राऊंडची वेळ होत आली आणि नर्स म्हणाली, “कुरणे काकू, समुपदेशन कक्षात या.” नाव केवढं! वॉर्डच्या टोकाला प्लायवूड ठोकून एक खोकं केलेलं, वर छताशी हातभर फट. पलीकडं दोन खाटा सोडून आमचे हे. आत एक टेबल, दोन खुर्च्या, टिश्यू पेपरचा डबा. मला ती जागा ओळखीची वाटली, पण कशी ते लक्षात येईना.

डॉक्टर तरुण होते. कोटावर नाव होतं, डॉ. तन्मय उगारे. चेहऱ्यावर अजून वसतिगृहातली झोप. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, टेबलाखाली मांडीवर मोबाइल ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “काकू, आपण बसू या. मी घाईत नाही.”

मी घाईत होते.

“काकू, काकांच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?”

“फुफ्फुसात गाठ आहे, कॅन्सरची आहे. स्कॅनमध्ये काय आलं?”

“मी तुम्हाला काही माहिती सांगितली तर चालेल का?”

“त्यासाठीच बोलावलंत ना?”

त्यांनी मांडीकडं बघितलं. अंगठा हलला. “मी आता जे सांगणार आहे ते ऐकायला कदाचित कठीण जाईल.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! हे तर मंगल कार्यालय! हेच टेबल, हाच डबा, हेच वाक्य. आता हा म्हणणार, आजार पुढं सरकला आहे.

“काकू, आजार पुढं सरकला आहे,” डॉक्टर म्हणाले. “यकृतापर्यंत.”

त्या पोराला सगळं वाक्य दुसऱ्या कुणाकडून मिळालं होतं, पण बातमी खरी होती आणि नवरा माझा होता. मी टेबलाची कड धरली.

“म्हणजे ऑपरेशन होणार का नाही?” मी विचारलं.

डॉक्टरांनी टिश्यूचा डबा बोटानं माझ्याकडं सरकवला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. धड्यात असंच आहे. बातमी सांगायची, डबा सरकवायचा, गप्प बसायचं, मग बाई रडते. ते बिचारे बाई रडायची वाट बघत होते.

मी रडले नाही. मी परत विचारलं, “ऑपरेशनचं काय?”

त्यांची नजर मांडीवर गेली. मी सरळ वाकून टेबलाखाली बघितलं. लाज कसली? मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नातेवाईक रडले का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. डॉक्टरांनी ‘नाही’ दाबलं. लगेच दुसरं पान आलं, ‘बातमी समजलेली नाही. पुन्हा सोप्या शब्दांत सांगा.’

“काकू, मी परत सोप्या शब्दांत सांगतो. कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय.”

“कळलं मला. ऑपरेशन होणार की नाही, ते सांगा.”

“आधी तुमच्या भावनांबद्दल बोलू या.”

“भावना घाला चुलीत! मला एक उत्तर द्या.”

‘नाही’, त्यांच्या अंगठ्यानं दाबलं.

“काकू,” घामेजलेल्या कपाळानं ते तिसऱ्यांदा म्हणाले, “काकांचा कॅन्सर…”

काय सांगू, हात शिवशिवत होता माझा. नवरा जातोय हे एकदा ऐकायला काळीज लागतं. हा दीडशहाणा मला ते पुन्हा पुन्हा ऐकवत होता, कारण त्याच्या मोबाइलला माझ्या डोळ्यांत पाणी दिसत नव्हतं! आणि सोनाबाईला तसं रडवलं कुणी? त्या गोड हसणाऱ्या पोरीनं. मी सांगत होते, बाई आधी विचारेल. तेव्हा विचारणं कापलं आणि हुंदका ठेवला. आता विचारणाऱ्या बाईला महाराष्ट्रात कुठं उत्तर मिळायचं नाही.

तेवढ्यात वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला चपला-बुटांचा आवाज झाला. राऊंड निघाला होता. मोठ्या सरांचा खणखणीत आवाज आला, “काय मावशी, जेवण जातंय का?” आमच्या खाटेपर्यंत यायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

मी ठरवलं. रडायचंच ना? घे.

आवंढा गिळला. लांब श्वास घेतला. तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि दुसऱ्या अंकातलं रडणं सोडलं. पूर्ण आवाजात, शेवटच्या रांगेसाठी. प्लायवूड थरारलं. बाहेर कुणाच्या तरी हातातून भांडं पडलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. भल्या माणसानं ‘हो’ दाबलं. मोबाइलनं बारीक आवाजात टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! आवाज बंद करायचं विसरला होता. मग तो एकदम थांबला. मोबाइलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पदराच्या बोळ्याकडं बघितलं.

“काकू… तुम्ही… सोनाबाई?”

मी पदर तोंडातून काढला. डोळे कोरडे. “हो. धडा तिसरा. झालं ना आता समाधान? तो मोबाइल ठेव खिशात. ठेव म्हणते ना! आता माझ्याकडं बघ आणि सांग. ऑपरेशन होणार का?”

तो पोरगा पांढराफटक पडला. मोबाइल खिशात ठेवला. त्याचे हात कुठं ठेवायचे हे त्याला कळेना. मग अ‍ॅपशिवाय, स्वतःच्या आवाजात, अडखळत म्हणाला, “नाही काकू. उपयोग नाही. उगाच त्रास होईल त्यांना.”

“किती दिवस?”

“दिवाळी… मला नाही वाटत काकू.” आणि त्याचेच डोळे भरले.

“घरी नेता येईल?”

“आजच न्या. दुखू नये म्हणून औषधं मी लिहून देतो.”

बघा. एवढंच होतं. चार वाक्यं. ती त्याला आईच्या घरून येत होती, आणि शिकवायला पुण्याहून माणसं आणली होती.

मी उठले. तोही उठला. “काकू, मी काकांशी बोलतो. पेशंटला सांगणं हा पुढचा…”

“पुढचा धडा असेल. तो माझा आहे.”

मी बाहेर आले. मोठे सर मधल्या खाटेपाशी होते, कुणाची तरी पाठ तपासत. मी आमच्या खाटेचा पडदा ओढला आणि यांच्याशेजारी बसले. यांचे डोळे मिटलेले होते.

“कुणासाठी रडलीस?” यांनी डोळे न उघडता विचारलं.

“ऐकू आलं?”

“डॉक्टरचं काही ऐकू नाही आलं. फार हळू बोलतो तो. तुझं आलं. दुसऱ्या अंकातलं होतं.”

मी यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

“खोटं रडलीस,” हे म्हणाले, “म्हणजे बातमी वाईट आहे. बरी असती तर हसत बाहेर आली असतीस.” मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. “सांग.”

मी तोंड उघडलं. आणि वाक्य गेलं! नाटकात जातं ना, तसंच. समोर अंधार, ओठ हलतायत, शब्द नाही. त्या पोराला नावं ठेवत होते, त्याचा मोबाइल खिशात टाकायला लावला, आणि माझ्याच जिभेला कुलूप. ‘अहो’ एवढंसुद्धा निघेना. पडद्यापलीकडं बूट जवळ येत होते. आता ते सोन्याच्या हाताचे सर येतील आणि आदळतील कप. मला संताप आला, भीती वाटली, आणि माझ्या नकळत माझा हात वर गेला आणि मी कानाची पाळी चिमटीत धरली.

यांनी ते बघितलं. उशीवरून मान जराशी माझ्याकडं वळवली. आणि तशाच बसलेल्या घशातून, विंगेतून द्यायचे तसा, फक्त मला ऐकू जाईल असा शब्द दिला.

“ऑपरेशन…”

“ऑपरेशन होणार नाही,” मी म्हणाले. “लिव्हरमध्ये पसरलाय.”

यांनी मान हलवली. पुढचं वाक्य परत गेलं. हात अजून पाळीवरच होता.

“फार…”

“फार दिवस नाहीत. दिवाळी धरू नका, म्हणाला.”

यांचा श्वास थोडा अडकला. मग सुटला. मी यांचा हात धरला होता, का यांनी माझा, ते आता आठवत नाही. कुठल्या पुस्तकातून देत होते हे शब्द? पुस्तक तर मी आणलं होतं, यांनी वाचलेलंही नव्हतं.

पडदा सरकला. डॉ. उगारे उभे होते, मागं मोठ्या सरांचं लटांबर येत होतं. उगारेंच्या खिशात मोबाइल उजळला होता. ते काहीतरी बोलायला पुढं झाले.

“पोरा,” हे कुजबुजले, “मागं हो. तुझी एन्ट्री नाही इथं.”

डॉक्टर मागं सरले. पडदा स्वतःच्या हातानं ओढून घेतला. बाहेर मोठ्या सरांचा आवाज आला, “हां, कुरणे ना? यांचं काय ते…” आणि त्यावर त्या पोराचा, जरा कापरा, पण मोठ्यानं, “सर, ही खाट झाली. पुढची बघू या.” तेवढं एक बरं बोलला. तेही अ‍ॅपमध्ये नव्हतं.

हे माझ्याकडंच बघत होते. मी पाळी सोडली नव्हती.

“घरी…”

“घरी जाऊ या,” मी म्हणाले.

“हं,” हे म्हणाले. “आता सगळं झालं. काही गाळलं नाहीस.”

त्याच संध्याकाळी आम्ही घरी आलो. डॉ. उगारे खाली रिक्षापर्यंत आले होते, औषधांची पिशवी घेऊन. शाल्मली मॅडमचा पुढं एकदा फोन आला. सोनाबाई फार लोकप्रिय झालीय म्हणे, तिचा दुसरा भाग करायचाय, नवरा गेल्यानंतरचा. मी तिला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. आमच्या गल्लीतली पोरंही वाचतात. सोनाबाई अजून आहे त्या अ‍ॅपमध्ये. ती अजूनही अगदी वेळेवर रडते, आणि कुठल्या कुठल्या गावांत टेबलाखाली मोबाइल धरलेले डॉक्टर कोरड्या डोळ्यांच्या बायकांकडं बघत बसलेले असतील.

पण मी सांगत होते ती संध्याकाळ. यांना यांच्या खाटेवर निजवलं. उशी दोनदा बदलून दिली. गरम पाणी दिलं. खिडकी लावू का विचारलं, नको म्हणाले. काही काम उरलं नाही तेव्हा मी मोरीत गेले, दार लोटलं आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहायला लागली, तरी सोडलेलाच ठेवला. ना आवंढा, ना श्वास, ना पदर. कसला तरी घाणेरडा, फाटका आवाज येत होता, जो कुठल्या थिएटरात कुणी चालवून घेतला नसता.

नळ बंद केला तेव्हा बाहेरून, खाटेवरून, यांचा बसका आवाज आला.

“मनू.”

“काय हो?”

“हे खरं होतं.”

मी पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला गेले.